मेलेला गडी परत कधी येतो? : खेळातलं नशीब आणि खेळातला न्याय

 

आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या येतील. व्हिडिओ गेममध्ये एखादं पात्र मरतं तेव्हा पडद्यावर जे दृश्य दिसतं, त्याचा इतिहासाशी काय संबंध? पण थोडं थांबा. हुतुतू खेळलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न माहीत आहे : मेलेला गडी परत कधी जिवंत होणार? सगळा डाव कधी कधी या एका प्रश्नावर फिरतो. आज तोच प्रश्न आपण एका जपानी व्हिडिओ गेमला विचारणार आहोत. मग तिथून सोंगट्या, कबड्डी, कुस्ती, क्रिकेट आणि कोर्टकचेरी असा फेरफटका मारून पुन्हा त्या खेळाकडे येणार आहोत.

आधी खेळ समजून घेऊ. नव्वदच्या दशकात कल्याण, उल्हासनगर, डोंबिवलीच्या गल्ल्यांत जे गेम पार्लर होते, तिथे टोकन टाकून मुलं दोन प्रकारचे खेळ खेळत. एक 'मुस्तफा', म्हणजे कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. त्यातल्या एका पात्राच्या नावावरून आपल्याकडे अख्ख्या खेळालाच ते नाव पडलं. दुसरा प्रकार समोरासमोरच्या मारामारीचा, 'स्ट्रीट फायटर' किंवा 'किंग ऑफ फायटर्स' वगैरे. या दुसऱ्या प्रकारात प्रत्येकाच्या डोक्यावर ताकदीची एक पट्टी असते. मार खाल्ला की पट्टी कमी होते, संपली की खेळाडू हरला. हिशेब सरळ असतो.

२१ जानेवारी १९९९ ला जपानमध्ये निन्टेंडोच्या यंत्रावर 'सुपर स्मॅश ब्रदर्स' आला आणि हा हिशेब बदलला. मासाहिरो साकुराई या रचनाकाराचा हा खेळ. यात संपणारी पट्टीच नाही. उलट मार खाल्ला की तुमच्या नावापुढचा टक्का वाढतो, आणि टक्का जितका जास्त तितके पुढच्या फटक्याला तुम्ही लांब उडता. रंगमंचासारखी एक पायरी-पायरीची जागा असते. तिच्या डावी-उजवीकडे, वर आणि खाली न दिसणाऱ्या सीमा असतात. त्या सीमेबाहेर फेकलं गेलं की एक लाइफ गेलं. या पद्धतीच्या खेळांना आता प्लॅटफॉर्म फायटर म्हणतात. मराठीत सांगायचं तर ही चितपट करण्याची कुस्ती नव्हे. प्रतिस्पर्ध्याला आखाड्याबाहेर भिरकावण्याचा हा खेळ आहे.

आता आपला मुद्दा. डाव्या-उजव्या सीमेतून बाहेर गेलात तर लगेच स्फोट होतो, लाइफ जातं आणि तुम्ही काही क्षणांत परत येता. वरच्या सीमेतून गेलात की मात्र खेळ नाटक करतो. पात्र आकाशात ओरडत दूर दूर जातं, लहान होतं आणि तारा होऊन लुकलुकतं. याला स्टार केओ म्हणतात. २००१ च्या 'मेले' या दुसऱ्या आवृत्तीपासून आणखी एक प्रकार आला. पात्र थेट पडद्याच्या काचेवर आपटतं आणि घसरत खाली जातं. हा स्क्रीन केओ. नंतरच्या आवृत्त्यांत वरून जातानाही कधी कधी थेट स्फोट होऊ लागला. यातलं कुठलं दृश्य दिसणार, हे बऱ्याचदा खेळाडूच्या हातात नसतं. यंत्र आतल्या आत चिठ्ठी काढतं. आणि या दृश्यांना लागणारा वेळ सारखा नसतो. स्फोट क्षणात उरकतो. तारा व्हायला मात्र चांगला वेळ जातो.

तुम्ही म्हणाल, दोन-तीन सेकंदांनी काय बिघडतं? हा खेळ सेकंदाच्या साठाव्या भागात मोजला जातो. 'मेले'च्या स्पर्धांत साधारणपणे प्रत्येकाला चार लाइफ आणि आठ मिनिटं असतात. अशा हिशेबात दोन-तीन सेकंद म्हणजे बराच काळ. तो तीन ठिकाणी बोचतो.

पहिलं ठिकाण मोकळ्या वेळाचं. प्रतिस्पर्धी तारा होऊन गेलेला असताना मारणारा मैदानात एकटा असतो. काही पात्रांना असा वेळ म्हणजे मेजवानी. क्लाउड नावाचं पात्र उभ्या-उभ्या आपली विशेष ताकद भरून घेतं. वारिओचं एक अस्त्र नुसता वेळ गेला तरी तयार होत राहतं. गंमत म्हणजे हे उलटंही होतं. २०१८ च्या 'अल्टिमेट' आवृत्तीत क्लाउडची भरलेली ताकद पंधरा सेकंदांत विरून जाते. म्हणजे ती भरून बसलेला असताना समोरचा उशिरा परतला तर मारणाऱ्याचंच नुकसान. फटका तोच, कौशल्य तेच, पण चिठ्ठी कुठली निघाली यावर फायदा कुणाचा ते ठरतं.

दुसरं ठिकाण घड्याळाचं. ठरावीक वेळेच्या डावात शेवटचे क्षण उरलेत आणि एकानं दुसऱ्याला वर उडवलं. दृश्य पूर्ण झाल्यावरच लाइफ गेल्याची नोंद होणार असेल, आणि दृश्य चालू असतानाच घड्याळ थांबलं, तर कमावलेला गुण हवेत राहतो. स्फोट झाला असता तर तोच गुण मिळाला असता.

तिसरं ठिकाण दोघेही एकाच वेळी पडण्याचं. एक वरून गेला, एक बाजूनं. बाजूनं गेलेल्याचा हिशेब तत्काळ होतो, वरून गेलेल्याचा उशिरा. मग आधी कोण मेलं? डोळ्यांनी बघणारा एक सांगेल आणि यंत्राची वही दुसरं.

न्यायाच्या बाजूनं हेही सांगायला हवं, की या दृश्यामुळे बहुतेक डावांचा निकाल बदलत नाही. शंभर ठिकाणी ते नुसतं हसू आणतं. तरीही खेळ गंभीरपणे खेळणाऱ्यांना ते खटकत राहिलं. का? याचं उत्तर शोधायला आपल्याच घरात बघू या, कारण नशीब आणि कौशल्य यांचा झगडा आपल्याला नवा नाही.

सोंगट्यांचा पट घ्या. त्यात नशीब भरपूर. कवड्या किंवा फासे काय दान देतील ते कुणाच्याच हातात नाही. जेजुरीच्या खंडोबाची कथा सर्वांना माहीत आहे. म्हाळसेबरोबर सारीपाट खेळताना देव हरतो आणि पणाप्रमाणे बारा वर्षं घर सोडतो. पुढे बाणाईची कथा येते. या कथेत खंडोबा दानाबद्दल तक्रार करत नाही. दान दोघांसमोर पडलं होतं. आता महाभारतातलं द्यूत आठवा. तिथेही फासेच, पण पिढ्यान् पिढ्या आपण त्याला कपट म्हणत आलो. दुर्योधनाच्या वतीनं शकुनी फासे टाकतो आणि त्याच्या हातात गेलेलं दान उघडं राहत नाही, म्हणून. म्हणजे नशीब दोन्हीकडे आहे. एकीकडे ते पटावर सर्वांसमोर आहे, दुसरीकडे कुणाच्या तरी मुठीत.

मोक्षपटही असाच. आज आपण त्याला सापशिडी म्हणतो आणि परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. त्यात कौशल्य शून्य. पण मोक्षपट कौशल्य मोजायला मांडलेलाच नव्हता. पाप-पुण्याची चढ-उतार शिकवणारा तो पट होता, त्यामुळे तिथे कुणी 'अन्याय झाला' म्हणत नाही. खेळानं काय मोजायचं कबूल केलंय, त्यावर न्यायाची अपेक्षा ठरते.

आता मैदानावर या. कबड्डीची जुनी रूपं आपल्याकडे तीन नावांनी ओळखली जात : संजीवनी, गामिनी आणि अमर. तिघांतला फरक नेमका आपल्या आजच्या प्रश्नाचा आहे. मेलेल्या गड्याचं काय करायचं? अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदानातच राहतो, फक्त गुण मोजला जातो. गामिनीत मेला तो मेला. सगळा संघ बाद होईपर्यंत तो बाहेर. संजीवनीत समोरचा एक गडी बाद केला की आपला एक जिवंत होतो. आजची कबड्डी संजीवनीवर उभी आहे, आणि तिचा एक बारीक नियम फार मोलाचा आहे : ज्या क्रमानं गडी बाद झाले, त्याच क्रमानं ते परत येतात. चांगला चढाईपटू आधी हवा म्हणून कप्तान रांग मोडू शकत नाही, आणि पंचही चिठ्ठी काढत नाही. परतीची वेळ साथीदारांच्या कामगिरीवर ठरते. तुम्ही पकड केलीत तर तुमचा माणूस आला.

ज्यांनी हे नियम बसवले त्यांनी हा विचार नीट केला होता. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं १९२३ मध्ये नियम छापले, १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, १९९० ला बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पोहोचली. या सगळ्या प्रवासात खेळाची वेळ, गुण, मैदानाची मापं बदलली. मेलेला गडी परतण्याची गोष्ट मात्र कुणी नशिबावर सोडली नाही. कबड्डीत नाणेफेक आहे, पण ती डावाच्या आधी. बरोबरी सुटेनाशी झाली तर सुवर्ण चढाईसाठी पुन्हा नाणं उडतं, तेही पुढची चढाई सुरू होण्याआधी. झालेल्या चढाईचा गुण किती, हे नाणं ठरवत नाही.

खो-खोतही तेच. संरक्षकांची एक तुकडी बाद झाली की पुढच्या तुकडीनं किती वेळात आत यायचं हे ठरलेलं असतं. कुणी रेंगाळलं तर त्याचा फायदा त्याला मिळू नये, हा हेतू.

कुस्तीत मात्र एकदा नशीब भलत्या दारातून आत शिरलं, आणि तो प्रसंग आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचा आहे.

आपल्या लाल मातीत निकाली कुस्तीची परंपरा. गुणांचा हिशेब नाही. पाठ टेकवा किंवा बरोबरीत सोडवा. मॅटवरची कुस्ती आली तशी मिनिटं आणि गुण आले. अथेन्स ऑलिंपिकनंतर आंतरराष्ट्रीय महासंघानं, तेव्हाच्या फिलानं, नियम बदलले. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, आणि दोन फेऱ्या जिंकणारा विजयी. फ्रीस्टाइलमध्ये एखादी फेरी शून्य-शून्य सुटली तर काय? तर रंगीत चेंडूंतून चिठ्ठी निघायची, लाल की निळा. ज्याचा रंग निघाला त्याला प्रतिस्पर्ध्याचा पाय हातात धरून अर्ध्या मिनिटाची झटापट सुरू करायला मिळे. पाय आधीच हातात असलेला पैलवान बहुतेक वेळा गुण घेणारच, हे कुठल्याही तालमीतलं पोर सांगेल. पाय धरूनही गुण घेता आला नाही तर फेरी दुसऱ्याला मिळे, पण पारडं एका बाजूला झुकलेलंच होतं. २००८ चं बीजिंग आणि २०१२ चं लंडन, दोन्ही ऑलिंपिक याच नियमांखाली झाली.

विचार करा. पहाटे चारला उठून जोर-बैठका मारणारा, खुराकासाठी घरचं दूध-तूप पणाला लावणारा पोरगा. त्याची फेरी एका चेंडूच्या रंगावर. प्रेक्षकांनाही ते कळेना आणि पटेना. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं २०२० पासून कुस्ती मुख्य खेळांतून वगळण्याची शिफारस केली. त्याला कारणं अनेक होती. न कळणारे नियम हे त्यातलं एक. मग महासंघ जागा झाला. मे २०१३ मध्ये नियम बदलले, चेंडू गेला. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि एकूण गुणांची बेरीज आली. जो लढत नाही त्याला दंड आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कुस्ती ऑलिंपिकमध्ये परत आली.

चेंडूच्या चिठ्ठीत आणि स्टार केओत साम्य काय? दोन्हीकडे चिठ्ठी खेळ सुरू झाल्यावर निघते. दोन्हीकडे ती निकालाच्या अगदी तोंडाशी निघते. फरक असा, की कुस्तीची चिठ्ठी निदान सर्वांसमोर निघायची. स्टार केओची चिठ्ठी यंत्राच्या पोटात निघते आणि वर गमतीचा मुखवटा घालून येते.

वेळेचं म्हणाल, तर खाशाबा जाधवांची आठवण काढायलाच हवी. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्याबद्दल वारंवार सांगितली जाणारी हकीकत अशी : जपानच्या शोहाची इशीशी दमवणारी कुस्ती झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत पैलवानासमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांतीचा नियम होता, पण ते अडून सांगायला तिथे भारताचा अधिकारी हजर नव्हता. आज सत्तर वर्षांनंतरही गावागावांत ही गोष्ट हळहळत सांगितली जाते. इशी जास्त चांगला होता हे मान्य करायला कुणाची हरकत नाही. हळहळ आहे ती न मिळालेल्या अर्ध्या तासाची. दोन झुंजींमधला वेळ हा खेळाचाच भाग असतो, तो सर्वांना सारखा मिळायला हवा, हे त्या हळहळीत आहे. स्टार केओचे तीन सेकंद आणि खाशाबांचा अर्धा तास यांचं वजन एक नाही. पण तक्रारीची जात एकच आहे.

क्रिकेटवाल्यांना १९९२ आठवत असेल. २२ मार्च, सिडनी, विश्वचषकाची उपांत्य फेरी. दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. पाऊस आला, १२ मिनिटं गेली, आणि फलकावर आकडा झळकला : एका चेंडूत २२. खरं तर २१ हव्या होत्या. पण २१ काय नि २२ काय, एका चेंडूत दोन्ही अशक्य. पाऊस कुणाच्या हातात नसतो, हे सर्वांना मान्य. खटकला तो पावसाच्या वेळेला धावांत बदलणारा नियम. पुढे डकवर्थ आणि लुईस या दोघांनी नवी पद्धत काढली. त्यांना पाऊस थांबवता आला नाही, पण पावसानं केलेलं नुकसान दोन्ही संघांत अधिक न्यायानं कसं वाटायचं हे त्यांनी बसवलं. हा धडा लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

आता कायद्याकडे वळू, कारण नशीब किती आणि कौशल्य किती हा प्रश्न मुंबईनं फार आधी कोर्टात नेला आहे. मुंबई राज्यात जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे, आणि निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे. स्वातंत्र्यानंतर शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचं पेव फुटलं. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या स्पर्धेची कोडी बंगलोरहून निघत आणि मुंबई राज्यात खपत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५७ मध्ये निकाल लागला. शब्दकोडं म्हणजे तर शब्दसंपत्तीचं काम, मग जुगार कसा? मेख अशी होती, की एकाच जागी अर्थानं एकाहून जास्त शब्द बसू शकत, आणि त्यातला 'बरोबर' कुठला ते आयोजकांनी आधीच मोहोरबंद केलेल्या उत्तरावर ठरे. तुमचं ज्ञान तुम्हाला दारापर्यंत आणणार. आत जायचं की नाही ते बंद पाकीट सांगणार. न्यायालयानं याला कौशल्य मानलं नाही. त्याच वर्षीच्या जोडनिकालात न्यायालयानं हेही स्पष्ट केलं, की ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे ती जुगारापेक्षा वेगळी.

व्हिडिओ गेमवर हाच प्रश्न १९९५ मध्ये कर्नाटकातल्या एम. जे. सिवानी खटल्यात आला. यंत्रात फेरफार करून खेळाडूचं कौशल्य निरर्थक करता येतं, तेव्हा अशा पार्लरांवर परवान्याचं नियंत्रण असू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं धरलं. थोडक्यात, यंत्राच्या पोटात काय चाललंय हे खेळणाऱ्याला दिसत नाही, ही काळजी कायद्यानं तीस वर्षांपूर्वीच ओळखली.

आणि आता २०२५. ऑनलाइन गेमिंगचा नवा केंद्रीय कायदा ऑगस्टमध्ये आला. त्यानं पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्टला वेगळी मान्यता दिली. ई-स्पोर्ट म्हणजे काय, तर ज्याचा निकाल हातांची चपळाई, बुद्धीची तल्लखता, डावपेच अशा गोष्टींवरच ठरतो. त्यामुळे आमच्या कल्याण-डोंबिवलीतला एखादा मुलगा उद्या अशा स्पर्धेत उतरला, तर 'यात यंत्राची चिठ्ठी किती?' हा प्रश्न नुसता शौकिनांचा राहत नाही. त्याच्या हरण्या-जिंकण्याला खेळ म्हणायचं का, इथपर्यंत तो पोहोचतो.

मग स्मॅश खेळणाऱ्यांनी काय केलं? त्यांनी एक-एक करून नशीब बाहेर काढलं, पण सरसकट नाही. आकाशातून कुठेही पडणारी शस्त्रं स्पर्धांत बंद झाली. मंच यंत्रानं निवडायच्या ऐवजी खेळाडू आळीपाळीनं नको ते खोडू लागले. 'मेले'मध्ये एक विचित्र गोष्ट सापडली : दोघांनी एकाच क्षणी एकमेकांना पकडलं, तर ज्याची वायर आधीच्या क्रमांकाच्या पोर्टात आहे तो जिंकतो. हे काढून टाकता येत नव्हतं. मग पोर्ट कुणाला हे दगड-कागद-कात्री खेळून डावाआधी ठरवायची रीत पडली. बघा, ही आपली नाणेफेकच झाली. लपलेला फायदा त्यांनी उघड्यावर आणला आणि खेळाच्या आधी नेला.

उलटा धडा २००८ च्या 'ब्रॉल' आवृत्तीनं दिला. त्यात पळायला सुरुवात करताना पात्र अधूनमधून आपोआप अडखळून पडे, शंभरात साधारण एकदा. नवख्याला संधी मिळावी असा काही विचार असेल, पण कसलेल्या खेळाडूंना ते सहन झालं नाही. २०१४ च्या आवृत्तीत हे अडखळणं काढलं गेलं. त्याच आवृत्तीपासून, वेळ संपत आलेली असताना शेवटच्या काही सेकंदांत तारा होण्याचं लांब दृश्य दाखवणं बंद झालं; तिथे थेट स्फोट. म्हणजे दृश्य ठेवलं, पण घड्याळाच्या तोंडाशी ते कुणाचा गुण गिळणार नाही याची सोय केली. डकवर्थ-लुईसचा धडा तो हाच. आणि 'ब्रॉलहाला'सारख्या, आपल्याकडे मोबाइलवरही खेळल्या जाणाऱ्या खेळात तर कुठल्याही बाजूनं बाहेर गेलं तरी बाद होणं तत्काळच. तिथे हा प्रश्न उद्भवतच नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो योग्य आहे. सगळं नशीब काढलं तर खेळ कोरडा होईल. घरात मामा-भाचे मिळून खेळताना तारा होऊन लुकलुकणारं पात्र बघून जी हसाहस होते, ती कशाला मारायची? साकुराईंनी हा खेळ मुळात सर्वांना मजेत खेळता यावा म्हणूनच घडवला. आपलं म्हणणं असं, की दृश्य खुशाल ठेवा. तारा होऊ दे, काचेवर आपटू दे. फक्त कुठलंही दृश्य निघालं तरी परतीची वेळ तीच ठेवा, आणि लाइफ गेल्याची नोंद सीमा ओलांडली त्या क्षणीच करा. गंमत रंगाची असावी, हिशेबाची नसावी. लग्नात बँड कुठला वाजवायचा ते चिठ्ठी टाकून ठरवा हवं तर. मुहूर्त चिठ्ठीवर नको.

एवढ्या फेरफटक्यानंतर काय हाती लागलं? आपल्या लोकांना नशिबाचं वावडं कधीच नव्हतं. कवड्यांचं दान, पत्त्यांची पिसणी, नाणेफेक हे सगळं आपण आनंदानं मान्य केलं. कारण ते उघड्यावर होतं, सर्वांना सारखं होतं, आणि त्यानंतर खेळायला डाव शिल्लक होता. दान पडल्यावर सोंगटी कुठली चालवायची, हे तरी आपल्या हाती होतं. आपण बिथरतो ते काम झाल्यावर येणाऱ्या नशिबावर : मोहोरबंद उत्तर, रंगीत चेंडू, तारा होऊन लांबलेला गुण. तिथे उत्तर द्यायला हातात काही उरत नाही.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी सोसायटीच्या हॉलमध्ये, कॉलेजच्या महोत्सवात अशा स्पर्धा भरवत असाल, तर यंत्र सुरू करण्याआधी एवढं करा. या खेळात चिठ्ठी कुठे कुठे निघते याची यादी करून भिंतीवर लावा. जी बंद करता येते ती बंद करा. जी बंद होत नाही तिचं काय करायचं ते डावाआधी सर्वांना सांगा : घड्याळ संपताना एखादा हवेत असेल तर गुण कुणाचा, दोघे एकदम पडले तर शेवटचं लाइफ पुन्हा खेळायचं का. हरलेल्या पोरानं समोरच्याचा हात हातात घेऊन 'तू चांगला खेळलास' म्हणावं, आणि ते त्याला मनापासून म्हणता यावं, एवढ्यासाठी ही खटपट. खाशाबांच्या अर्ध्या तासाची हळहळ सत्तर वर्षं टिकली. आपल्या पोरांच्या वाट्याला अशी हळहळ येऊ नये, हे आयोजकांच्या हातात आहे.

आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.